सोळाव्या होलचं जुनं ग्रीन

प्रो, तुमच्या मुलीची ईमेल आली आहे. क्लबात सगळे तुम्हाला प्रो म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे, आणि तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली तरी दुसरं काही तोंडात येत नाही. ती या रविवारी जपानला येते आहे आणि तिला मला भेटायचं आहे. तुम्ही जपान सोडताना माझ्यासाठी जे शिफारसपत्र लिहून दिलं होतंत, त्याची प्रत तिला तुमच्या कागदांत सापडली. त्यावरून तिने क्लब शोधला, आणि क्लबाने मला न विचारता माझा पत्ता तिच्या हवाली केला. आमच्या वेळी ऑफिसातल्या एखाद्या बाईने असं केलं असतं तर तिला महिनाभर कोणी चहा विचारला नसता. असो.

तिने लिहिलंय ते थोडक्यात असं. तुमच्या गावच्या त्या नऊ होलांच्या छोट्या क्लबात, जिथे तुम्ही शेवटची वर्षं शाळकरी पोरांना शिकवलंत, मुलांसाठी सरावाचं एक ग्रीन तयार होतंय. तुमच्या तेव्हाच्या विद्यार्थ्यांनी, जे आता स्वतः आईबाप झालेत, त्याला तुमचं नाव द्यायचं ठरवलं. तेव्हा कमिटीतल्या एका गृहस्थांनी हरकत घेतली. ज्या माणसाने जपानमध्ये नियम माहीत असून मोडला, वर चुकीच्या स्कोअरकार्डावर सही केली आणि त्याबद्दल ज्याला स्पर्धेतून काढलं, त्याचं नाव मुलांच्या मैदानाला कसं द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे तेव्हाच्या एका गोल्फ मासिकातलं चार ओळींचं कात्रण आहे. कॅडीने सांगूनही खेळाडूने ऐकलं नाही, असं त्यात छापलंय. या गृहस्थांना मी ओळखत नाही, पण दुसऱ्याच्या फजितीची कात्रणं इतकी वर्षं जपणारा पुरुष कसा असतो ते मला चांगलं ठाऊक आहे. तुमची मुलगी विचारते, "तुम्ही बाबांच्या कॅडी होतात. त्यांना माहीत होतं का? हो की नाही, एवढंच सांगा."

तुमच्यासारखीच आहे. प्रश्न असा विचारायचा की समोरच्याला बसायला जागा उरू नये.

मी हे ग्योतोकुला, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे. आमचे हे गेल्यावर त्सुकुबाचं घर सोडलं आणि मुलाच्याच इमारतीत दोन मजले खाली राहायला आले. तुमच्या मुलीने ईमेलबरोबर एक फोटो पाठवलाय, तुमचा आणि माझा, पहिल्या होलवरचा. नात शाळेतून आली आणि तिने तो पाहिला. ती जपानीत विचारते, मी मराठीत उत्तर देते, असा आमचा शिरस्ता आहे. डोक्यावरचं ते काय म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, कॅडीची टोपी, मानेवर ऊन लागू नये म्हणून मागे फडकं असतं. हा उंच माणूस कोण? मी म्हटलं, माझे सर. "सर मागे नुसते उभेत आणि बॅग तू उचललीयस," ती म्हणाली. मी म्हटलं, तशी पद्धत होती. "वाईट पद्धत," म्हणाली आणि बिस्किटं घेऊन वर गेली.

सर हा शब्द माझ्या तोंडून कसा निघाला ते मला कळलं नाही. तुमच्या हयातीत मी तुम्हाला तो कधी म्हटला नव्हता. पण शिकवलंत तुम्हीच. मला गोल्फमधलं काहीही येत नव्हतं. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधली, इंग्रजीत एम.ए. केलेली, नवऱ्याच्या संशोधनापायी त्सुकुबात येऊन पडलेली बाई. तिथे माझ्या इंग्रजीचा उपयोग शेजारणीच्या मुलाचा गृहपाठ तपासण्यापुरता. मग क्लबाच्या मालकांनी, जशी इतर मालक परदेशी गाडी ठेवत तसा, एक डच खेळाडू ठेवला आणि त्याच्यासाठी दुभाषी हवी अशी चिठ्ठी नवऱ्याच्या संस्थेच्या फलकावर लागली. मी साडी नेसून मुलाखतीला गेले. मॅनेजरने माझ्या हातात टोपी आणि खड्डे बुजवायच्या वाळूची पिशवी दिली. त्याचं म्हणणं सरळ होतं: दुभाष्याने खेळाडूच्या शेजारी असायला हवं, आणि खेळाडूच्या शेजारची जागा कॅडीची. घरी आल्यावर हे म्हणाले, "एम.ए. इंग्लिश, आणि लोकांच्या बॅगा उचलणार?" मी म्हटलं, "लोकांच्या नाही, एकाच माणसाची." पुण्याला मात्र आम्ही दोघांनीही एकच शब्द कळवला: दुभाषी. बॅगेचं कोणाला सांगितलं नाही. तो शब्द मी केवढा घट्ट धरून ठेवला होता ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

पहिल्याच आठवड्यात, सभासद यायच्या आधी, तुम्ही मला ग्रीनवर, झेंड्याभोवतीच्या त्या बारीक कापलेल्या गवतावर, नेलंत आणि बूट-मोजे काढायला लावलेत. दव पडलेलं आहे, पाय गारठून गेले आहेत, आणि तुम्ही म्हणता, "बघू नका, चाला." झेंड्यापासून कडेपर्यंत आणि कडेपासून झेंड्यापर्यंत. मग विचारता, उतार कुठे? मी म्हणते, डावीकडे. "पुन्हा." चौथ्या खेपेला माझ्या तळव्यांना कळलं की जे डोळ्यांना डावीकडे दिसतंय ते उजवीकडे उतरतंय. ननांनी आम्हाला डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला शिकवलं होतं. पायाने वाचायला तुम्ही शिकवलंत. नंतर बूट घालूनही मला ग्रीन कुठे सुरू होतं ते खाली न बघता सांगता येई, आणि तुम्ही इतर खेळाडूंना पैज लावल्यासारखं ते करून दाखवायला सांगायचात, मला राग येईपर्यंत.

तुमची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, स्पर्धांना जाताना गाडीत. तुमचे वडील कालव्यावरचा पूल उघडायचे आणि मिटायचे. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत श्रीमंतांचा एक क्लब होता, तिथे तुम्ही शाळा सुटल्यावर बॅगा उचलायचात आणि कोणीतरी टाकून दिलेल्या एका काठीने वाऱ्यात चेंडू मारायला शिकलात. तुमच्या देशात टेकडी नाही, म्हणून वाऱ्यालाच चढ समजायचं, असं तुम्ही म्हणायचात. गोल्फ हे काम आहे हे वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही. दर नाताळला विचारायचे, "बरं, सध्या नोकरी कुठे?" मग युरोपातली ती वर्षं, व्हॅनमध्ये झोपून काढलेली. एकदा पावसात दुसरे आलात. एक पट, ग्रीनवरचा तो शेवटचा हलका फटका, चुकला नसता तर पहिले. तो चुकलेला पट तुम्ही मला हॉटेलच्या गालिच्यावर, जेवणाच्या टेबलावर मिठाच्या डबीने, आणि एकदा पेट्रोल पंपावर नुसत्या बोटाने काढून दाखवला होतात. पुढे मनगट दुखावलं, युरोपातली जागा गेली, मनिला झालं, क्वालालंपूर झालं, कलकत्त्याला घारीने चेंडू उचलून नेला. आणि मग वयाच्या छत्तिसाव्या वर्षी जपान. "इथे नाही जमलं तर घरी जाऊन पूल उघडीन," तुम्ही म्हणायचात. थट्टा होती, पण ती तुम्ही फार वेळा करायचात.

कॅडींच्या खोलीत एक छोटं स्वयंपाकघर होतं. खेळाडूंनी तिथे यायचं नाही असा नियम. तुम्ही यायचात. बायका टोप्या तोंडावर धरून हसायच्या आणि तुम्हाला खारवलेला मुळा द्यायच्या, आणि तुम्ही तो खाताना चेहरा हलू द्यायचा नाहीत. माझ्या डब्यातलं थालीपीठ मात्र तुम्ही मागून घ्यायचात. एकदा म्हणालात, "हे आमच्या पॅनकेकसारखंच आहे, फक्त याला मतं आहेत." मी म्हटलं, "पॅनकेकला नसलेली बरी, तुमच्याकडे आधीच खूप आहेत." बायकांनी भाषांतर मागितलं. मी केलं. अर्धा तास खोलीतलं हसू थांबलं नाही. माझ्या तोंडाला धार आहे हे मला लहानपणापासून ऐकवलं गेलंय. ती धार तुम्हाला आवडते असं मी समजून चालले होते.

आता त्या शनिवारचं. चिबातल्या डोंगरातला क्लब, वर्षातली शेवटची स्पर्धा. त्यात पुरेसे वर आलात तर पुढच्या वर्षी खेळण्याचा हक्क राहणार, नाहीतर गेला. चौदाव्या होलला तळं आहे. मी म्हटलं, अलीकडे मारा. तुम्ही पलीकडे मारायला गेलात आणि चेंडू पाण्यात. आणि मी, दोन खेळाडू आणि त्यांच्या कॅडींच्या देखत, स्वच्छ इंग्रजीत म्हटलं, "मी सांगितलं होतं. हे लहान मुलालाही कळलं असतं." तुम्ही काठी पुसलीत, बॅगेत ठेवलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "माझी आई नेदरलँड्समध्ये आहे. इथे मला दुसरी नको. उद्यापासून फक्त आकडे. अंतर किती, वारा किती. बाकी एक शब्द नाही." त्या कॅडींना इंग्रजी येत नव्हतं. तरी दोघींनी टोप्या खाली ओढल्या. कोणाचं काय झालं हे कळायला भाषा लागत नाही. मला अजूनही राग येतो, प्रो. मी चारचौघांत बोलायला नको होतं हे मला मान्य आहे, पण तळ्याच्या बाबतीत मी बरोबर होते.

रविवारी सकाळी कॅडींना एक नवा कागद वाटला गेला, जपानीत. तुम्ही एकटेच परदेशी, तुमच्यासाठी इंग्रजी कोण छापणार. इथल्या जुन्या क्लबांत एका होलला दोन ग्रीन असतात, एक उन्हाळ्यात सोसणाऱ्या गवताचं आणि एक थंडीत सोसणाऱ्या. एक वापरात असलं की दुसरं विश्रांती घेतं. हे तुम्हाला तीन वर्षांत सरावाचं झालं होतं. पण त्या क्लबाने सोळाव्या होलचं डावीकडचं जुनं ग्रीन कापायचंच सोडलं होतं. गवत बोटभर वाढलेलं, नोव्हेंबरात पिंगट पडलेलं, शेजारच्या उतारात मिसळून गेलेलं. आदल्या दिवशी कोणीतरी शंका काढली असावी. कागदावर लिहिलं होतं की हे अजूनही ग्रीनच समजावं. म्हणजे चेंडू त्यावर पडला तर तिथून मारायचा नाही, उचलून बाजूला टाकायचा. दंड काही नाही. तिथूनच मारला तर दोन फटक्यांचा दंड.

एरवी असे कागद मी तुम्हाला गाडी लावायच्या जागेत वाचून दाखवायची. तुम्ही केळं खात ऐकायचात आणि शेवटी "आमेन" म्हणायचात. त्या दिवशीही तुम्ही केळं सोलत उभे होतात. "गुड मॉर्निंग," म्हणालात. मी म्हटलं, "अंतरांचे आकडे तयार आहेत." तुम्ही जरा हसलात. मी चेष्टा करते आहे असं तुम्हाला वाटलं. मी कागदाची घडी करून वाळूच्या पिशवीच्या खिशात ठेवली. विचारतील तर सांगीन, असं मी मनाशी म्हटलं. शब्द नकोत ना, मग घ्या.

पंधरा होल मी आकडे दिले. तुम्ही फार चांगलं खेळलात, हेही मला लागलं. सोळाव्याला दुसरा फटका डावीकडे ओढला गेला. मी आधी पोचते. चेंडू पिंगट गवतात बसलाय. त्याच्याजवळ जाताना माझ्या बुटांखालची जमीन बदलते, घट्ट होते, सपाट होते, आणि माझ्या पायांना कळतं. ग्रीन. तुम्ही येता, झेंड्याकडे बघता, खाली बघता, मग माझ्याकडे. "ओके?" तुम्ही विचारता. मी म्हणते, "बेचाळीस."

तो "ओके" अंतराबद्दल होता, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. तुम्ही अंतराला कधी ओके म्हणायचा नाहीत. अंतराला तुम्ही "किती" म्हणायचात.

फटका सुंदर बसला. चेंडू झेंड्यापासून हातभर. गवताचा एक तुकडा उडाला, आणि मी, सवयीने, त्या खड्ड्यात वाळू भरली आणि पायाने दाबली. शेवटच्या होलवर तुम्ही माझा हात हातात घेतलात आणि म्हणालात, "आकडे चांगले होते." समेट करायची तुमची ती पद्धत होती. हिशेब लागत होता: पुढचं वर्ष तुमचं होतं, एका फटक्याने. तुम्ही कार्डावर सही केलीत. नंतर अर्ध्या तासाने त्या क्लबाची एक कॅडी, तुमच्याबरोबर खेळणाऱ्याची बॅग जिच्याकडे होती ती, दंडाला पट्टी बांधलेल्या पंचांकडे गेली. तिने पाहिलं होतं. वाळूचा डाग ग्रीनवर होता, माझ्याच हातचा.

पंचांची खोली छोटी, हीटर लावलेला, भिंतीला क्लबाचे जुने झेंडे. तुम्ही आणि मी एका बाजूला, पंच टेबलापलीकडे. दोन फटके मोजले नाहीत, कार्ड चुकीचं, सही झालेली, म्हणून स्पर्धेतून बाद. हे त्यांनी सांगितलं आणि मी तुम्हाला सांगितलं, शब्दाला शब्द. तुम्ही पांढरे पडलात. मग त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला आणि मला, फार सभ्य जपानीत, विचारलं, "हा आपण खेळाडूंना समजावून सांगितला होता ना?" नाही म्हटलं असतं तर मी कोण उरत होते? जी एकच गोष्ट मला येत होती, ज्यासाठी मला घेतलं होतं, जी मी पुण्याला कळवली होती, तीच मी केली नव्हती. मी म्हटलं, "हो." पंच म्हणाले, "म्हणजे त्यांना माहीत होतं. त्यांनाच विचारा." मी तुमच्याकडे वळले आणि इंग्रजीत म्हटलं, "ते विचारतायत, निर्णय तुम्हाला समजला का."

तुम्ही मान हलवलीत. "हो. समजलं. मला माफ करा," म्हणालात, आणि तुम्हाला इथे शिकवलं होतं तसे कमरेतून वाकलात. पंचांनी ते लिहून घेतलं. माफ करा हे मी अगदी अचूक भाषांतरित केलं.

परतीच्या गाडीत टोलनाका मागे पडला. मग म्हणालात, "शनिवारी मी तुमच्याशी तसं बोलायला नको होतं. बोलणं बंद केलं नसतं तर आपण दोघांनी मिळून ते पाहिलं असतं. नियम खेळाडूने स्वतः विचारून घ्यायचा असतो. चूक माझी." मी रस्त्याकडे बघत म्हटलं, "पुढचा फाटा आपला." पुढच्या आठवड्यात तुम्ही माझ्यासाठी पावसाळी कपडे आणलेत, निळे, माझ्या मापाचे. क्लबाचे कपडे मला मोठे होतात आणि बाह्या चेंडू पुसताना भिजतात हे तुम्ही केव्हातरी पाहून ठेवलं होतंत. मी ते घेतले. बाह्या बरोबर मनगटाशी येत होत्या.

मासिकात त्या ओळी छापून आल्या आणि मालकांनी बोलावलं. तिथेही दुभाषी मीच. मालक म्हणाले, "विश्वास उरला नाही." मी तुम्हाला म्हटलं, "यंदा क्लबाला खर्च कमी करायचा आहे." तुम्ही विचारलंत, "त्या स्पर्धेमुळे का? मी त्यांना समजावून सांगू का?" मी मालकांना म्हटलं, "प्रो आपले आभार मानतायत." मालक उठून वाकले, तुम्ही वाकलात, मीही वाकले. एका खोटेपणाची राखण करायला दुसरा लागतो, आणि दुसरा पहिल्यापेक्षा पुष्कळ सोपा जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

ओसाकाला जाळी लावलेल्या एका सरावाच्या मैदानात तुम्ही एक वर्ष शिकवलंत, मग घरी गेलात. जाण्याआधी माझ्यासाठी ते पत्र लिहिलंत. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: मला जे ऐकायला आवडलं असतं ते हिने मला कधी सांगितलं नाही, जे होतं ते सांगितलं. त्या पत्रावर क्लबाने मला नव्या कॅडींना शिकवायचं काम दिलं. एकोणीस वर्षं केलं. मीही मुलींना बूट काढायला लावायची. निवृत्तीच्या दिवशी फुलं मिळाली आणि मालकांच्या मुलाने भाषणात म्हटलं की विश्वास म्हणजे काय ते या बाईंकडून शिकावं. मी फुलं घेतली.

दर डिसेंबरला तुमचं कार्ड यायचं. एका वर्षी लिहिलंत, "त्यानंतर मला कोणी कुठे बोलावलं नाही, बहुधा वय झालं. मालक कधी भेटले तर खरं काय ते विचारा." त्या वर्षी मी उत्तर पाठवलं नाही. पुढच्या वर्षी तब्येतीची चौकशी करून पाठवलं. मग करड्या कडेचं, तुम्ही गेल्याचं कार्ड आलं, तुमच्या बायकोच्या अक्षरात.

कोणाकोणाचा राग करून झाला ते सांगू? तुमचा, चारचौघांत मला आई म्हटलंत म्हणून. पंचांचा, उत्तर प्रश्नातच घालून विचारलं म्हणून. या खेळाचा, जो मेलेल्या गवताला ग्रीन म्हणतो आणि त्यासाठी जिवंत माणसाला घरी पाठवतो. त्या कात्रणवाल्या गृहस्थांचा तर आठवडाभर केला. मग काल भाजी निवडताना लक्षात आलं की त्या गृहस्थांकडे जे कात्रण आहे त्यातली माहिती माझी आहे. ते बिचारे माझ्यावर विश्वास ठेवून बसलेत. आणि हेही खरं की मी कागद तुम्हाला वाचून दाखवला नव्हता हे पंचांना सरळ सांगितलं असतं, तरी तुम्ही बादच झाला असता. ही पळवाट मी फार वापरली आहे. चुकला म्हणून बाद झालेल्या माणसाला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतात. लबाड म्हणून बाद झालेल्याला बोलावत नाहीत. तुमचे वडील पूल उघडायचे, तुम्ही गावी परत जाऊन मुलांना शिकवलंत, आणि मधली जी दहा-बारा वर्षं तुम्ही अजून खेळू शकला असता ती कुठे गेली हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. सांगू शकणारी एकच होती.

ननांनी मला दोन गोष्टी नीट शिकवल्या असत्या, शुद्धलेखन आणि कबुली. मी हिंदू म्हणून दुसऱ्या तासाला सूट होती. शुक्रवारी कॅथलिक मुली चॅपलमध्ये रांगेत उभ्या राहायच्या आणि आम्ही बाहेर पायरीवर चिंचा खायचो. आत काय म्हणायचं असतं, सुरुवात कशी करायची, हे मी कधी विचारलंसुद्धा नाही.

रविवारी दुपारी ती येईल. हो की नाही, असं तिने विचारलंय. नाही म्हटलं की तिचं काम होईल, आणि ते खरंही असेल. पण ती ते घेऊन कमिटीपुढे जाईल आणि ते गृहस्थ कात्रण पुढे करतील, कॅडीने सांगितलं होतं असं इथे छापलंय, मग आता नाही कसं? तेव्हा तिच्या हातात माझ्या सहीचा कागद लागेल, मी काय केलं ते लिहिलेला. क्लब अजून आहे, मालकांचा मुलगा अजून आहे, मी शिकवलेल्या मुली आता तिथे मुख्य कॅडी आहेत. माझा मुलगा आहे, जो ऑफिसातल्या लोकांना कौतुकाने सांगतो की माझी आई जपानमधली पहिली भारतीय कॅडी. पहिली होते की नाही देव जाणे.

सकाळपासून पाच वेळा तिला इंग्रजीत लिहायला बसले. इंग्रजी मला अजूनही मराठीपेक्षा जास्त शिस्तीत येतं. पहिल्या खेपेला तुमचे वडील सज्जन गृहस्थ होते असं लिहिलं आणि पुसलं. पाचव्या खेपेला गैरसमज हा शब्द आला आणि मी कॉम्प्युटर बंद केला. मग ही वही घेतली, आणि इतकी पानं एकदाही न अडखळता झाली. मला वाटलं, मन मोकळं झालं म्हणून. तसं नाही. तुम्हाला मराठी येत नाही, तुमच्या मुलीला येत नाही, पंचांना येत नव्हती, नातीला बोललेली कळते पण वाचता येत नाही. समोरच्याला कळणार नाही अशी भाषा बघून मी बोलले आहे, पुन्हा एकदा. तुमच्या मुलीच्या ईमेलला मी आतापर्यंत एकच शब्द उत्तर दिलंय, "या", आणि तेवढ्यालाही चार दिवस लावले.